एक भिडू जास्त

ही हकिगत १९९४ सालची. त्या वर्षी माझी मुलगी पाचवीत गेली, आमच्या ह्यांनी सिगरेट सोडली आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा धरली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा सकाळी डोळे उघडले की कामावर कधी एकदा पोचते असं व्हायचं. आता माझी सत्तरी उलटून गेली आहे. चष्मा डोक्यावर असताना मी तो घरभर शोधते. पण ते वर्ष आठवलं की अजून अंगात वीज खेळते. पुढे जे झालं ते होऊनसुद्धा.

आम्ही तिघं होतो. सर, मिस्त्री आणि मी. सर गणिताचे प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, उंच, किंचित पोक आलेले. मिस्त्री हे त्याचं आडनाव नव्हे. तो रीतसर शिकलेला इंजिनिअर होता, पण खिशात कायम पाना आणि मूठभर स्क्रू, म्हणून सरांनी हे नाव ठेवलं आणि ते त्याच्या बायकोनेही उचललं. मी एका कॉलेजात गणित शिकवायचे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा मला नाद आहे हे कुठून तरी सरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला तिथून उचलून आणलं.

आणलं ते एका गोदामात. शहराच्या कडेला यंत्रांचे सुटे भाग साठवणाऱ्या एका कंपनीचं ते गोदाम होतं. पत्र्याचं उंच छप्पर, छताखाली धुळकट काचांची ओळ, आणि खाली लोखंडी मांडण्यांच्या रांगा. दोन रांगांमध्ये गल्ली, आणि गल्ल्या एकमेकींना छेदत तिथे चौक. ग्रीस, पुठ्ठा आणि गार सिमेंट यांचा मिळून एक वास तिथे होता. तो माझ्या साड्यांना लागायचा आणि मुलगी म्हणायची, “आईला बॉलबेअरिंगचा वास येतो.” एका कोपऱ्यात काचेची केबिन होती. तिथे आमचे संगणक, टेबलं आणि चहाची किटली.

कंपनीला हवं होतं ते इतकंच, की मांडणीवरचा खोका गाडीने आपोआप काउंटरवर आणून द्यावा. मिस्त्रीने नऊ गाड्या बांधल्या. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, वर सपाट पाट, पुढे रबराची पट्टी आणि त्या पट्टीमागे एक बटण. गाडी कशाला धडकली की बटण दाबलं जाई आणि संगणकात नोंद होई. गाड्यांना आकडे द्यायला मिस्त्रीचा सक्त विरोध. त्याने नावं ठेवली. सासूबाई, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद, आत्या, मामा, मेहुणा, भाचा आणि व्याही.

“एका घरात कोंबलेल्या नऊ जणांनी एकमेकांना न धडकता जगायचं,” तो म्हणाला, “हाच तर आपला विषय आहे ना, ताई?”

विषय खरोखर तोच होता. दुसरीकडे अशा कामाला एक मोठा संगणक असे आणि तो सगळ्यांना हुकूम सोडे. सरांना हुकूम नको होता. प्रत्येक गाडीला तिची स्वतःची अक्कल. खोका पोचवला की गुण मिळणार, वेळ गेला की गुण कापणार, धडक झाली की जास्त कापणार. बाकी काही सांगायचं नाही. चुकत, धडपडत ज्याने त्याने शिकायचं. मौज अशी, की एकीने काय करावं ते बाकीच्या काय करतात यावर अवलंबून, आणि बाकीच्याही त्याच वेळी शिकत असतात. मामाने आज शोधलेली युक्ती उद्या आत्या शहाणी झाली की शिळी होते. अरुंद बोळात दोन माणसं समोरासमोर आली की दोघं एकाच बाजूला सरकतात, हसतात, पुन्हा दोघं दुसऱ्या बाजूला सरकतात. तो खेळ नऊ जणांनी अखंड खेळायचा. खेळांचं गणित नावाची एक शाखाच आहे, आणि सरांनी तिच्यात आयुष्य घातलं होतं.

सरांचं एक प्रमेय होतं. अशा गाड्या, निव्वळ स्वार्थाने का होईना, शिकत शिकत एका समतोलाला येतात. समतोल म्हणजे अशी घडी, की एकटीने वेगळं वागून कोणाचाच फायदा होत नाही. आणि एकदा ही घडी बसली की कोणीही उगाच काही करत नाही. गाडी थांबली, तर ती कोणासाठी तरी थांबलेली असते. सर हे पंधरा वर्षं सांगत होते. ते बोलायला उभे राहिले की परिषदेत लोक घड्याळं बघत. एका नामांकित प्राध्यापकाने भर सभेत त्याला ‘गोड स्वप्न’ म्हटलं होतं. कागदावरच्या सिद्धतेत एक जागा कच्ची होती, ती सरांना ठाऊक होती, आणि ती भरून निघणार होती ती या गोदामात.

“हे खोटं ठरलं, तर मी इतकी वर्षं काय केलं म्हणायचं, बाई?” त्यांनी मला एकदा विचारलं. हसत विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली.

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ. सासूबाई कोणालाच वाट देईनात. व्याही आणि मेहुणा एका चौकात तोंडाला तोंड लावून दुपारभर उभे. भाचा एका गल्लीत शिरला की बाहेर यायलाच घाबरे. धडाधड आवाज, खोके खाली, बोल्ट घरंगळत मांडण्यांखाली. मिस्त्री पोटावर सरपटत ते गोळा करायचा आणि तिथूनच सगळ्या नातेवाइकांचा उद्धार करायचा. मग हळूहळू आवाज कमी झाले. सासूबाई पहिल्यांदा धाकट्या जावेसाठी थांबल्या त्या दिवशी आम्ही तिघं काचेला नाक लावून उभे होतो. आणि एका मंगळवारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकही धडक झाली नाही. नऊ गाड्या वाहत्या पाण्यासारख्या एकमेकींमधून जात होत्या. मोटारींची मंद गुणगुण तेवढी. सर खुर्चीवर चढले आणि तसेच खाली उतरले. मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

पहिल्यांदा ते मिस्त्रीला दिसलं.

“ताई, आत्या तिथे का थांबते?”

उत्तरेच्या भिंतीजवळचा चौक होता. आत्या आली, थांबली, गुणगुण खाली गेली. आजूबाजूच्या गल्ल्यांत कोणी नव्हतं. माणूस चौक ओलांडायला जितका वेळ घेईल तेवढा वेळ गेला. मग आत्या निघाली.

“चाक अडकत असेल,” मी म्हटलं.

चाक अडकत नव्हतं. फरशी सपाट होती. वारा नव्हता, कवडसा नव्हता, कुठे चकाकणारा पत्रा नव्हता. मिस्त्रीने आत्याचे सगळे भाग सुटे करून पुन्हा जोडले. ती तिथेच थांबली. मग मामा थांबायला लागला. मग नणंद. आठवडाभरात नऊच्या नऊ गाड्या त्या रिकाम्या चौकात थांबायला लागल्या. प्रत्येक वेळी नाही. कधी थांबायच्या, कधी सरळ जायच्या. पण थांबल्या तर तेवढाच वेळ.

सरांचा चेहरा उतरला. थांबलं की गुण कापले जातात. ज्याने नुकसान होतं ती सवय शिकणाऱ्या गाडीने सोडायला हवी. इथे ती पसरत होती. रिकाम्या चौकात कोणी उगाच थांबत असेल, तर प्रमेय संपलं.

मी प्रोग्रॅम तपासत बसले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि खुर्ची मागे सारून मी उभी राहिले. या गाड्या अधूनमधून मुद्दाम वेगळं काहीतरी करून बघतात. तशी आम्ही त्यांना खोडच लावली होती, नाहीतर नवं काही शिकणार कशा? म्हणजे त्या चौकातूनही, थांबायच्या वेळी न थांबता, प्रत्येक गाडी कधी ना कधी गेली असणार. तशा वेळी काय झालं ते मी शोधलं.

दर वेळी धडक झाली होती. रबराच्या पट्टीमागचं बटण दाबलं गेलं होतं. जोरात नाही, पण दाबलं गेलं होतं.

“कशावर?” सरांनी विचारलं.

“ते नोंदलेलं नाही, सर.”

मिस्त्रीने नऊही पट्ट्या काढून उजेडात धरल्या. रबरावर डाग नाही, ओरखडा नाही. सर मात्र केबिनमध्ये येरझाऱ्या घालायला लागले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला होता.

“म्हणजे गाड्या वेड्या नाहीत,” ते म्हणाले. “न थांबलं तर धडक होते, म्हणून थांबतात. बाई, नऊ भिडू धरून तुम्ही हिशेब मांडला आहे. दहा धरून मांडून बघा.”

“दहावा कोण, सर?”

“ते नंतर. मांडा तर.”

मी मांडला. आजही तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो. पडद्यावर एका बाजूला गाड्यांचं खरं वागणं, दुसऱ्या बाजूला दहा भिडूंचा समतोल, आणि दोन्ही एकमेकांवर असे बसले जसं झाकण डब्यावर बसतं. उत्तरेच्या चौकापुरतंच नाही. थोरली जाऊ एका गल्लीतून नेहमी वळसा घेऊन का जाते हे आम्हाला महिनाभर कळलं नव्हतं. तेही त्यात बसलं. मी ओरडले असणार, कारण मिस्त्रीच्या हातून चहा सांडला.

भीती? नाही हो. खोटं कशाला सांगू. आमचं नाचायचंच तेवढं बाकी होतं. प्रमेय वाचलं होतं. फक्त एक भिडू जास्त धरावा लागत होता. मिस्त्रीने त्याला लगेच नाव दिलं. पाहुणे. सकाळी आलं की विचारायचं, “काय, पाहुणे आले का?” आणि काचेतून बघायचं. आत्या चौकात थांबली की म्हणायचं, “आले.”

मग आम्ही पाहुण्यांची परीक्षा घेतली. सर म्हणाले, भिडू असेल तर तोही शिकत असला पाहिजे. आम्ही त्यांची गल्ली रिकाम्या खोक्यांनी बंद केली. सकाळ गेली, दुपार गेली, गाड्या कुठेच थांबल्या नाहीत. सरांनी नखं खायला सुरुवात केली. आणि संध्याकाळी मेहुणा शेजारच्या चौकात थांबला. मागोमाग नणंद. पाहुण्यांनी दुसरी वाट धरली होती. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “शिकतात, बाई, शिकतात,” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मिस्त्री त्या चौकात जाऊन उभा राहिला. त्याच्या खऱ्या मेहुण्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याने आणला होता, तो मी केबिनच्या दारातून धरला. “काही नाही, ताई,” तो हाका मारून सांगत होता. “गार लागत नाही, वास नाही, काही नाही. मी अगदी मधोमध उभा आहे.” काही नव्हतंच तिथे. तेच तर आम्हाला अद्भुत वाटत होतं.

एक गोष्ट गणिताने अजून सांगायची राहिली होती. बाकीचे भिडू कसे वागतात यावरून न दिसणाऱ्या भिडूचा फायदा कशात आहे ते काढता येतं. उलटा हिशेब. मी तो घरी जेवणाच्या टेबलावर करायला घेतला. आमचे हे एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ते समोर बसून लाल पेनाने कोणाच्या तरी चुका काढत होते.

“तुझ्या त्या पाहुण्याला जायचंय तरी कुठे?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तेच काढतेय.”

“आणि नंतर त्याला पोचवायला जाणार का?”

“तुम्ही आपले अनुस्वार बघा.”

मी सगळ्या गल्ल्या घेतल्या, सगळी टोकं, काउंटर, दारं, आमची केबिन. पाहुण्यांना कुठे पोचलं की फायदा होतो? उत्तर येईना. मी पुन्हा केलं. मुलगी झोपायला जाताना विचारून गेली, “आई, तू अशी का बघतेस?” पाहुण्यांना कुठेही पोचून काहीच मिळत नव्हतं. सगळ्या टोकांना शून्य. त्यांच्या वाट्याला गुण येत होते ते एकाच गोष्टीने. कोणीतरी त्यांच्यासाठी थांबलं की.

दुसऱ्या दिवशी मी हे केबिनमध्ये सांगितलं.

“आमच्या सासऱ्यांसारखं,” मिस्त्री म्हणाला. “त्यांना जायचं कुठेच नसतं. पण सगळ्यांनी दारात खोळंबलेलं असावं लागतं.”

त्याच्या विनोदाला आम्ही नेहमी हसायचो. त्या दिवशी हसू यायला वेळ लागला.

“आणि उद्या या गाड्या नसल्या तर?” सरांनी विचारलं. “थांबायला कोणी नसलं तर पाहुणे काय करतील, बाई?”

“भिडू आहेत, सर. दुसरे थांबणारे शोधतील.”

कंपनीला काम दाखवायचा दिवस जवळ आला होता. मोठ्या मॅडम, म्हणजे कंपनीच्या संचालक, स्वतः येणार होत्या. मिस्त्रीने सरांना बाजूला घेऊन सुचवलं, की प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालू. या चौकात थांबायचं नाही, बस. बटणाच्या नोंदी त्या दिवसापुरत्या बंद ठेवू. गाड्या सुरेख धावतील, मॅडम खूश होतील, पाहुण्यांचं आपण मागाहून बघू.

“मग त्या शिकलेल्या राहणार नाहीत,” सर म्हणाले. “पढवलेल्या होतील. मग माझं प्रमेय तपासलं काय आणि न तपासलं काय.”

“सर, गोदामच गेलं हातचं तर?”

“जाऊ दे,” सर म्हणाले. मला वाटतं ते त्यांनी त्याआधीच ठरवलं होतं.

मोठ्या मॅडम चार अधिकाऱ्यांना घेऊन आल्या. करडे केस, खांद्याला चामडी पिशवी, प्रश्न मोजके आणि मुद्द्याचे. मला त्या आवडल्या. मिस्त्री कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरत होता. गाड्यांनी त्या दिवशी दृष्ट लागेल असं काम केलं. मॅडमनी खोका मागायचा अवकाश, धाकटी जाऊ तो घेऊन हजर. अधिकारी माना डोलवत होते. मग उत्तरेच्या चौकात व्याही थांबला.

“ही का थांबली?” मॅडमनी विचारलं.

सर क्षणभरही अडखळले नाहीत. “आमच्या हिशेबाप्रमाणे तिथे एक भिडू जास्त आहे.”

एक अधिकारी खोकला.

“सर, मी गाड्यांवर खर्च मंजूर केला होता,” मॅडम म्हणाल्या. “भुतांवर नाही.”

“मीही भूत म्हणत नाही. मी भिडू म्हणतो.”

“म्हणजे काय फरक?”

“भुताबद्दल मला काही सिद्ध करता येत नाही.”

मॅडम हसल्या, पण ओठांपुरतं. “चला,” त्या म्हणाल्या, “मला तो चौक दाखवा.”

आम्ही सगळेच गेलो. पुढे मॅडम आणि सर, मागे अधिकारी, मग मी, आणि कडेने मिस्त्री कॅमेरा घेऊन. मॅडम चालताना पुढच्या वर्षीच्या खर्चाबद्दल काहीतरी बोलत होत्या. आम्ही चौकातून गेलो, गल्लीच्या टोकाला पोचलो, वळलो, पुन्हा त्याच चौकातून परत आलो.

“कोणी नाही,” मॅडम काउंटरपाशी येऊन म्हणाल्या. “मी दोनदा जाऊन आले. आता मला सांगा, गाड्या चुकतात की तुमचं प्रमेय चुकतं?”

“दोन्ही चुकत नाहीत, असं मला वाटतं.”

“मग मला हे बंद करावं लागेल,” त्या म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या. सरांनी मान हलवली. मॅडम आणि अधिकारी गेल्यावर ते केबिनमध्ये येऊन बसले आणि पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. पंधरा वर्षं, आणि शेवटी ‘कोणी नाही’.

“टेप तरी बघू,” मिस्त्री म्हणाला. “गाड्या काय धावल्या आज.”

आम्ही बघितली. गाड्या खरंच सुंदर धावत होत्या. मग पडद्यावर आम्ही आलो. मॅडम बोलत बोलत चौकापाशी आल्या.

आणि थांबल्या.

बोलणं थांबलं नाही. आवाजात खंडही नाही. पुढच्या वर्षीच्या खर्चाचं वाक्य तसंच चालू, आणि त्या मात्र पाय जुळवून उभ्या. पिशवी अंगाशी ओढली. खांदा वळवला. वाट दिली.

सर मागे सरकले होते. चारही अधिकारी मांडणीला पाठ लावून उभे होते. त्यांच्यामागे मी होते. मी पदर आवरून धरला होता.

कॅमेरासुद्धा बाजूला झाला होता.

मग सगळे चालायला लागले.

मिस्त्रीने टेप मागे नेली. पुन्हा लावली. परत येतानाही तेच.

“मी नाही थांबलो,” मिस्त्री म्हणाला.

“मीही नाही,” मी म्हटलं.

त्याने जुनी टेप काढली. तो चौकात उभा राहिला होता ती. “मी अगदी मधोमध उभा आहे,” पडद्यावरचा मिस्त्री ओरडून सांगत होता. तो एका बाजूला मांडणीला चिकटून उभा होता, पोट आत घेऊन.

मधली जागा मोकळी होती.

सरांनी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडम एकट्या आल्या. टेप बघितली. पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज बंद करायला लावला. मग बराच वेळ त्या काचेतून गल्ल्यांकडे बघत होत्या.

“मी घरीही असं करते का हो?” त्यांनी विचारलं.

मिस्त्रीने दोन्ही टेपा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी टेपा पिशवीत घातल्या आणि गोदामातलं आमचं काम त्याच दिवसापासून बंद केलं. गाड्यांची बटणं मिस्त्रीने एकेक करून बंद केली. नऊ गुणगुणी एकामागून एक गेल्या. फाटकापर्यंत मी सरांबरोबर चालत आले. मला वाटलं होतं ते खचले असतील. पण त्यांचे डोळे पहिल्या दिवसासारखे लकाकत होते.

“खरं आहे, बाई,” ते म्हणाले. “प्रमेय खरं आहे. गाड्यांना आपण गुण तरी देत होतो. माणसांना तर कोणी काही सांगितलंही नव्हतं, आणि तीही त्याच समतोलाला आली. शिकणाऱ्यांत आपणही होतो, एवढंच मी धरलं नव्हतं.”

“लिहिणार, सर?”

“छापणार कोण?” ते म्हणाले, आणि मोठ्यांदा हसले. मीही हसले. रस्त्यावरचे लोक बघत होते. इतका आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झाला असेल. भीती वाटायला पुढे कित्येक महिने गेले, आणि ती एका साध्या दुपारी वाटली. आमचे हे आतून म्हणाले, “उंबऱ्यात काय उभी आहेस, आत ये की.” मी उभी आहे हे मला माहीत नव्हतं.

सासूबाईंना मिस्त्री घरी घेऊन गेला. त्याची मुलं तिच्यावर बसून अंगणात फिरत. बाकीच्या आठ भंगारात गेल्या. मिस्त्रीने पुढे अपंगांच्या खुर्च्या बनवायचा कारखाना काढला, तो चांगला चालला. आता तो मुलाकडे दूरच्या शहरात असतो, फोनवर अजून मला ताई म्हणतो आणि गोदामाचा विषय काढत नाही.

मोठ्या मॅडम पुढे आणखी मोठ्या झाल्या. बऱ्याच वर्षांनी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडली. आम्ही दोघीच होतो. त्यांनी मला ओळखलं, प्रकृती विचारली. बोलताना त्यांचं बोट दार उघडं ठेवायच्या बटणावर होतं. मग त्यांनी ते काढलं आणि आम्ही वर गेलो.

मुलगी परदेशात शिकवते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. सिगरेटने नाही, झोपेत गेले.

सरांच्या प्रमेयाची कच्ची जागा कुठल्या तरी तरुण मंडळींनी भरून काढली. आज अशा शिकणाऱ्या यंत्रांचं राज्य आहे, आणि एका पुस्तकात तळटीपेत सरांचं नाव आहे. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं. “नऊ भिडूंपुरतं बरोबर आहे,” ते म्हणाले होते. सर यंदा थंडीत गेले. नव्वदी गाठायला थोडेच महिने राहिले होते.

गोदाम केव्हाच पाडलं. तिथे आता मोकळी फरसबंद जागा आहे, बाकं आहेत, पलीकडे बसथांबा. मी कधीमधी संध्याकाळी उन्हं असताना तिथे जाऊन बसते. लोक फोनमध्ये डोळे घालून चालत येतात, आणि एका जागी, मान वर न करता, अंग चोरून बाजूला होतात. बाबागाडी ढकलणाऱ्या बायका थांबतात. सायकलवाले ब्रेक दाबतात. मग सगळे पुढे जातात. मीही तिथून जाताना थांबत असणार.

सर गेल्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिथे नेहमीसारखं नव्हतं. लोक थांबत होते, पाऊल उचलत होते, आणि कशाला तरी अडल्यासारखे मागे येऊन एकमेकांवर आपटत होते. एका बाईच्या हातून पिशवी पडली. एक सायकलवाला पडला आणि उठून फरशीकडे रागाने बघत राहिला. सगळे एकमेकांची माफी मागत होते. मी अंधार पडायच्या आत घरी आले.

काल पुन्हा जाऊन आले. आता कोणी कोणावर आपटत नाही. लोक एकासाठी थांबतात, मग मागून येणाऱ्या दुसऱ्यासाठी आणखी जरासं थांबतात, आणि जातात.